शाकाहारी गळ मंडळाचे नियम

नियम १. पाण्याजवळ मोठ्याने बोलू नये.

हा नियम सिद्रामप्पांनी स्वतःसाठीच केला होता. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून तेहतीस वर्षं त्यांनी माइकवरून गाड्या पुकारल्या. अक्कलकोट, मोहोळ, सांगोला, पुन्हा अक्कलकोट. निवृत्तीनंतर पहिल्याच आठवड्यात त्यांनी घरात चहा मागितला तोही असा, की स्वयंपाकघरातून गुरम्मा, म्हणजे त्यांची बायको, कानडीतलं 'अहो' लावून म्हणाली, "रीऽ, हे घर आहे. फलाट नंबर चार नाही."

त्या पावसाळ्यात ते कुंभारीकडे एक प्लॉट बघायला गेले. प्लॉट काही पसंत पडला नाही. परत येताना गावापुढच्या पाझर तलावाच्या बांधावर एक तरुण गळ टाकून बसलेला दिसला. सिद्रामप्पा स्कूटर लावून त्याच्याशेजारी बसले. दोन तास दोघांत एक शब्द झाला नाही. तेहतीस वर्षांत त्यांचे असे दोन तास गेले नव्हते. उठताना तरुणाने नाव सांगितलं, अभिमन्यू. कुरिअरमध्ये कामाला होता, दर रविवारी यायचा.

तिसऱ्या रविवारी सिद्रामप्पांकडे स्वतःची काठी होती, रिळासकट. सहाव्या रविवारी वही होती. माणूस सरकारी खात्यात आयुष्य काढतो तेव्हा त्याला दोन माणसं एकत्र बसलेली दिसली, की मंडळ दिसतं.

नियम २. आमिष म्हणून फक्त कणीक वापरावी. गांडूळ, किडा, मांस चालणार नाही.

सिद्रामप्पांच्या गळ्यात लिंगायतांचं इष्टलिंग होतं आणि घरात सात पिढ्या कुणी अंडं फोडलेलं नव्हतं. मंडळाचे सभासद झाले अकरा, आणि अभिमन्यू सोडला तर सगळे त्यांच्याच ओळखीतले. डाळीचे व्यापारी गुरुसिद्धप्पा चिटणीस झाले. बाकीचे दुकानदार, निवृत्त कारकून, एक होमिओपॅथीचे डॉक्टर. माशाचा तुकडा कुणाच्याही ताटात कधी पडला नव्हता. गावात त्यांना शाकाहारी गळ मंडळ म्हणत. आधी हसून म्हणत, मग नुसतंच म्हणू लागले.

कणीक गुरम्मा मळून द्यायची. हळद आणि चिमूटभर हिंग घालून.

"तूप घालू का?" पहिल्या दिवशी तिने विचारलं होतं. "पाहुण्यांना कोरडी कशी द्यायची?"

नियम ४. धरलेला मासा वहीत नोंदवून, इजा न करता, परत पाण्यात सोडावा.

(तिसरा नियम टोप्यांबद्दल होता. तो सोडून देऊ.)

तलावातल्या मासेमारीचा ठेका गावातल्या मच्छीमार संस्थेकडे होता आणि संस्थेच्या अध्यक्ष होत्या सोजरबाई. साठीच्या, भोयाघरच्या, उन्हाने रापलेल्या. संस्थेच्या परवानगीशिवाय बांधावर काठी घेऊन बसता येत नव्हतं. सिद्रामप्पा छापील अर्ज घेऊन गेले. सोजरबाईंनी तो हातातही घेतला नाही.

"धरायचा, आन सोडायचा?"

"हो."

"मग धरायचा कशाला?"

सिद्रामप्पांनी विचार केला. उत्तर होतं, पण ते बोलून दाखवण्यासारखं नव्हतं. पिसाचा तरंगा पाण्यावर हलतो, तेव्हा डोक्यातल्या सगळ्या गाड्या सुटून गेलेल्या असतात, असं काहीतरी.

"मन रमतं," ते म्हणाले.

"आमचं पोट रमतंय की त्यात," सोजरबाई म्हणाल्या. "बसा. पर एक मासा जरी पिशवीत दिसला, तर समद्यांच्या काठ्या मोडून चुलीत घालीन. आप्पा, तुमची आदी."

कुणाच्या पिशवीत मासा कधी दिसला नाही. इतर तलावांवर सिद्रामप्पांनी चौकशी केली होती. कुठे राखणदार हाकलत होता, कुठे परवानगी कोण देतं तेच कळत नव्हतं. तेव्हा हा एकच बांध होता. आठवड्याचे सहा दिवस सिद्रामप्पा सातव्याच्या आधाराने काढत, आणि हे गुरम्माला त्यांच्या आधी कळलं होतं.

भरपाई

वर्ष झालं. गुरुसिद्धप्पांनी वहीवरून बेरीज केली. दोनशे बारा मासे.

"म्हणजे दोनशे बारा तोंडांना भोकं पाडली आपण," ते म्हणाले.

डाळीच्या व्यापाऱ्याचा हिशेब असाच सरळ असतो. डॉक्टर म्हणाले, जखम भरते. कुणाला ते पटलं नाही. शेवटी ठराव झाला तो असा: वर्षभर पाण्यातल्या जिवांना त्रास दिला, तर वर्धापनदिनी पाण्याला जीव द्यावेत. श्रावणातल्या सोमवारी, बाजारात मरणाच्या वाटेवर असलेले मासे विकत घ्यावेत आणि तलावात सोडावेत.

इथे थांबून एक गोष्ट सांगायला हवी. मासळीबाजारात यांच्यापैकी कुणीही कधी पाऊल टाकलं नव्हतं. गळाला लागणारा रोहू, मृगळ, चिलापी एवढे चेहरे त्यांना ठाऊक होते. बाजारातला मासा त्यांच्या दृष्टीने नुसता मासा होता. मासे खाणारा एकच सभासद होता अभिमन्यू, आणि सोमवारी त्याची ड्युटी होती.

सिद्रामप्पा आणि गुरुसिद्धप्पा नाकाला उपरणं लावून गेले.

"कापून देऊ का आप्पा?" मासेवालीने विचारलं.

"जिवंत पाहिजे."

"जित्ता ह्योच हाय." तिने प्लास्टिकच्या टबाकडे बोट केलं. वीतभर पाण्यात काळे, चपट्या डोक्याचे, मिशांचे मासे एकमेकांवर वळवळत होते. "मांगूर. लई टिकाऊ. पान्याबिगर दिसभर जगतोय."

"टिकाऊ आहे म्हणते," गुरुसिद्धप्पा हलक्या आवाजात म्हणाले. स्टीलचा डबा घेताना म्हणावं तसं. बर्फावर मेलेले रोहू त्यांनी एकवार पाहिले आणि हात जोडून नजर वळवली.

टबातले सगळे घेतले. एकतीस निघाले.

"जेवान हाय काय मोठं?" मासेवालीने विचारलं.

"नाही, सोडायचे आहेत."

"कुटं?"

"पाण्यात."

तिने दोघांच्या कपाळावरच्या विभूतीकडे पाहिलं आणि उरलेलं काही बोलली नाही. गिऱ्हाईकं दोनच होती आणि टब रिकामा झाला होता.

तलावावर गुरुसिद्धप्पांनी तीन बोटं विभूती बादलीलाही ओढली. मग बादल्या उलट्या केल्या. मासे चिखलात असे शिरले जसे काही पत्ता विचारून आले होते.

मंडळाच्या ग्रुपवर

गुरुसिद्धप्पा: आज मंडळातर्फे ३१ जीव मुक्त. फोटो पाहावेत.
डॉक्टर: पुण्यकर्म.
(नमस्काराचे हात, सात वेळा.)
अभिमन्यू: (नमस्काराचे हात.)

पुढे कधीतरी सिद्रामप्पांनी अभिमन्यूला विचारलं, तू तर ओळखला असशील. तो म्हणाला, "वळखला की. मला वाटलं तुमास्नी म्हाईत असंल. एवढी शिकलेली माणसं."

मार्च

संस्थेने गेल्या पावसाळ्यात माशांचं बी टाकलं होतं. रोहू, कटला, बोटाएवढी पिल्लं, हजारोंनी. मार्चमध्ये वाढ बघायला जाळं ओढलं. जाळ्यात माणसाच्या हाताएवढा एक काळा मासा आला आणि रोहू आले जेमतेम एका घमेल्यात मावतील एवढे.

सोजरबाईंनी फोन केला. सिद्रामप्पा स्कूटरवरून पोचले तेव्हा तो मासा बांधावर पडला होता, पोट चिरलेला. पोटातून निघालेली पिल्लं शेजारी कागदावर मांडली होती. काहींचे खवले अजून चमकत होते.

"आप्पा, ह्यो वळकता का?"

सिद्रामप्पांनी मिशा पाहिल्या. चपटं डोकं पाहिलं. तलाव गावाच्या रस्त्याला लागून होता, कुणीही येऊन काहीही टाकू शकलं असतं. नाही म्हटलं असतं तर ते खपून गेलं असतं. हो म्हटलं तर हा बांध गेला, आणि दुसरा बांध नव्हता. हे सगळं त्यांच्या डोक्यात एका ओळीत आलं, सुटणाऱ्या गाड्यांच्या यादीसारखं.

"आमचाच," ते म्हणाले. "श्रावणात सोडले. एकतीस."

सोजरबाई आधी हसल्या. कमरेवर हात ठेवून, मान मागे टाकून हसल्या. मग हसणं थांबलं.

"पुण्य केलंसा व्हय! आवो, ह्याला पाळायलाबी सरकारची बंदी हाय. समदं खातोय ह्यो. बी खाल्लं, उद्या बेडकं खाईल, परवा तुमच्या चपला खाईल."

"आम्हाला माहीत नव्हतं."

"माशालाबी म्हाईत नव्हतं." त्यांनी कागद गुंडाळला. "ऐका. जाळ्याला ह्यो घावत न्हाय, चिखलात घुसतोय. ह्यो एक घावला त्येच नशीब. गळालाच यील. आखाडात आमी दुसरं बी टाकनार. त्याच्या आत तुमचे तीस भाईर काडा. काडले तर बसा हितं जलमभर. न्हाई काडले तर बांधावर कुनी दिसायचं न्हाय."

"बाहेर काढून कुठे सोडायचे?"

सोजरबाईंनी चिरलेल्या माशाकडे बोट केलं.

"सोडायचे न्हाईत, आप्पा. मारायचे. मारून पुरायचे. आन कनकीला त्यो हुंगनारबी न्हाय. कोंबडीची आतडी लावा."

(इथली दोन पानं वहीतून फाडलेली आहेत.)

त्यांवर सभेचं इतिवृत्त होतं. सभा गुरुसिद्धप्पांच्या गोदामात, तुरीच्या पोत्यांवर बसून झाली. दहा जण हजर होते. अभिमन्यूची ड्युटी होती.

ठराव एवढाच होता, की नियम दोन आणि चार मांगूर माशापुरते शिथिल करावेत.

"म्हणजे आपण मारायचे?" डॉक्टर म्हणाले.

"संस्थेला नवीन बी घेऊन देऊ," एकजण म्हणाला. सोजरबाईंना ते आधीच विचारून झालं होतं. मांगूर असताना कितीही बी टाकलं तरी ते मांगराचं जेवणच, असं त्यांचं म्हणणं.

"पकडून दुसऱ्या तलावात सोडू."

"कुणाच्या?" सिद्रामप्पांनी विचारलं.

मग गुरुसिद्धप्पा बोलले, आणि ते वाईट माणूस नव्हते. "सिद्राम, तू आणि मी बत्तीस वर्षं एका पंगतीत जेवतोय. आतड्याला हात लावलेला हात तू माझ्या ताटाशेजारी ठेवणार?"

"धुऊन ठेवीन."

"धुऊन काय जातं आणि काय जात नाही, हे तुला मी सांगायचं?"

मतं घेतली. सात विरुद्ध, एक बाजूने, दोन गप्प. नियम बदलला नाही. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवण झाल्यावर, सिद्रामप्पांनी पानं फाडली. रागाने नव्हे. पट्टी लावून, सरळ रेषेत. मंडळाने नाही म्हटलेलं वहीत राहिलं असतं, तर रविवारी ते करणार होते तो नियमभंग ठरला असता. तेहतीस वर्षांत त्यांनी नियमभंग केला नव्हता.

मग चौथ्या नियमावर एक रेघ मारली, आणि दुसऱ्यावरही.

पहिला

आतडी अभिमन्यूने आणली. काळ्या पिशवीत, गाठ मारून. गळावर लावायची सिद्रामप्पांनी, कारण त्यांनी तसा हट्ट धरला. लिंग गळ्यातून काढायचं नसतं, ते त्यांनी शर्टाच्या आतून पाठीकडे सरकवलं. तुकडा दोनदा निसटून खाली पडला. तिसऱ्यांदा बसला.

तरंगा हललाच नाही, एकदम गेला. काठी वाकली. रोहू ओढताना दोरीतून कुणी बोलतंय असं वाटतं. हा मासा नुसता जड होता, भिजलेल्या पोत्यासारखा. काठावर आला तेव्हा त्याने तोंडाने आवाज केला. मासा आवाज करतो हे सिद्रामप्पांना नवीन होतं.

"आप्पा, मी मारतो. तुमी तोंड तिकडं करा."

"सोडला कुणी?"

"तुमी."

"मग सरक."

पहिला दगड डोक्यावर न बसता कल्ल्यावर बसला. मासा बांधावरून पाण्याच्या दिशेने सरपटत निघाला, कोपरांवर चालावं तसा. दुसरा दगड बरोबर बसला. तरी शेपटी हलत राहिली. मासेवाली खोटं बोलली नव्हती, टिकाऊ होता.

पुरायचं काम मात्र अवघड गेलं नाही. सिद्रामप्पांच्या समाजात माणसालाही पुरतातच. खड्डा किती खोल हवा, कुत्री उकरणार नाहीत अशी माती कशी दाबायची, हे त्यांना वडिलांच्या वेळेपासून ठाऊक होतं. माती टाकण्याआधी त्यांचा हात सवयीने खिशातल्या विभूतीकडे गेला आणि तिथेच थांबला. मग त्यांनी हात बाहेर काढून फावडं घेतलं.

घरी गुरम्माने दारातच अडवलं. नाकाने सगळं ओळखलं होतं.

"रीऽ, तिथेच थांबा."

मागच्या नळाशी तिने जुनं धोतर आणि साबणाची अख्खी वडी ठेवली. ते अंग धूत असताना ती दाराआड उभी राहिली.

"बोललात का त्याच्याशी काही?"

"माशाशी? काय बोलायचं?"

"मला काय माहीत. कणीक मी मळत होते, तेव्हा मी बोलायचे." थोड्या वेळाने तिने विचारलं, "उरले किती?"

"एकोणतीस."

"साकु," ती म्हणाली. पुरे, या अर्थाने. पण पुढच्या रविवारी पहाटे नळाशी धोतर आणि साबण आधीच ठेवलेला होता.

एप्रिल, मे, जून

सात जणांनी मंडळ सोडलं. दोघे यायचे थांबले, सोडलं असं कळवलं नाही. गुरुसिद्धप्पांनी चिटणिसाचा शिक्का एका पोराच्या हाती पाठवून दिला, सोबत अर्धा किलो तूरडाळ. डाळीचा अर्थ सिद्रामप्पांनी लावला नाही. गुरम्माने तिची आमटी केली.

उन्हाळ्यात पाणी आटलं, मासे सापडायला सोपे झाले. एका रविवारी दोन, एका रविवारी पाच. दगड आता पहिल्याच फटक्यात बसत होता, आणि हे सिद्रामप्पांना पहिल्या दिवसाच्या चुकलेल्या दगडापेक्षा जास्त लागलं. सोजरबाई अधूनमधून बांधावर येत, खड्ड्यांची ओळ बघत, तंबाखू मळत.

"आप्पा, हात बसला की तुमचा," एकदा त्या म्हणाल्या.

"हो."

"बसतोय. आमचाबी असाच बसला हुता. म्या सात वर्साची हुते."

जूनमध्ये पाऊस चांगला झाला. ओढ्याचं पाणी तलावात आलं, तलाव पसरला. आखाड लागला तेव्हा एकोणतीस खड्डे झाले होते, जाळ्यातला एक धरून तीस मासे. उरला एक.

शेवटचा रविवार

बियाण्याची गाडी सोमवारी येणार होती. सिद्रामप्पा आणि अभिमन्यू सहा वाजल्यापासून बसले होते. नऊच्या सुमाराला अभिमन्यूचा तरंगा किंचित बुडाला, वर आला, पुन्हा बुडाला. त्याने काठी उचलली. दोरीच्या टोकाला जे आलं ते बोटाएवढं होतं. आतड्याचा तुकडा त्याच्या तोंडात मावत नव्हता, तरी त्याने सोडला नव्हता. मिशा होत्या.

अभिमन्यूने ते तळहातावर घेतलं.

"पिल्लू हाय, आप्पा."

सिद्रामप्पांना हिशेब कळायला वेळ लागला नाही. बोटभर पिल्लू म्हणजे जूनच्या पुरातलं. म्हणजे मरण्याआधी त्यांच्यातल्या कुणीतरी अंडी घातली होती. मांगूर अंडी घालतो ती शेकड्यांत नाही घालत. म्हणजे एकच उरलेला नव्हता. किती उरले होते, ते तलावालाही सांगता आलं नसतं.

"एकतीस झाले म्हना," अभिमन्यू हळूच म्हणाला. "बाईंनी कुटं मोजलेत? तुमी सांगाल त्यो आकडा. आज सांगितलं, की बांध आपला."

खरंच होतं. सोजरबाईंनी एकही खड्डा उकरून पाहिला नव्हता. पिल्लू पुन्हा पाण्यात टाकायचं, आणि संध्याकाळी जाऊन झालं म्हणायचं. सोमवारी बी पडलं असतं, आणि पुढच्या मार्चपर्यंत सिद्रामप्पांचे रविवार त्यांच्याकडे राहिले असते. सगळा खटाटोप ज्यासाठी केला, ते एका वाक्याच्या अंतरावर होतं.

त्यांनी पिल्लू ओल्या रुमालात घेतलं आणि उठले.

सोजरबाई घरापुढे जाळ्याची भोकं शिवत बसल्या होत्या. रुमाल उघडला. त्यांनी पाहिलं, सुई जाळ्यात तशीच टोचून ठेवली.

"हे आज सापडलं," सिद्रामप्पा म्हणाले. "तीस झाले होते. पण आता आकडा सांगता येणार नाही."

सोजरबाईंनी फोन काढला, बियाण्याच्या गाडीवाल्याला लावला. "उद्या येऊ नगंस. बारीक बी न्हाय चालायचं. ईतभर वाडलेलं हाय का? ... मग आट दिसांनी आन. आरं व्हय, मांगूर. ... कुनी सोडला? आमच्या एका पावन्यानं." फोन ठेवून त्यांनी पुन्हा सुई घेतली. "ईतभर झाल्याला मासा त्येच्या तोंडात मावत न्हाय. थोडं वाचंल, थोडं जाईल."

"आणि आम्ही?"

"तुमी काय?"

"बांधावर बसायचं की नाही?"

"आता न बसून कसं चालंल?" सोजरबाई म्हणाल्या. "दर ऐतवारी. पाऊस आसू द्या, ऊन आसू द्या. एकाद्या ऐतवारी दिसला न्हाय, तर घरी ईन मी तुमच्या. मालकिनीला सांगून ठेवा."

"किती वर्षं?"

"त्ये त्याला इचारा." त्यांनी रुमालाकडे मान केली.

बांधावर परतताना सिद्रामप्पा चालता चालता थांबले. "अभिमन्यू, तुमच्या ऑफिसात गळ टाकणारे आहेत?"

"हायत की. पर आप्पा, खानारी हायत समदी. मटन, मासे, दारूबी घेत्यात एक-दोन."

"दारू नको. बाकी चालतील."

"लई बोलत्यातबी."

हे मात्र सिद्रामप्पांना जड गेलं. वाऱ्याने पाण्यावर बारीक सुरकुत्या उठत होत्या आणि खाली काय चाललंय ते काही दिसत नव्हतं.

"किती जणांना सांगू?" अभिमन्यूने फोन काढून विचारलं.

"आधी दहा सांग," सिद्रामप्पा म्हणाले, रुमाल जमिनीवर पसरला, आणि त्या बोटभर माशाला पुरेल एवढा लहान दगड शोधायला लागले.